नवे नाव रकान्यात का बसत नाही?

प्रश्न : आमच्या दुकानाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये ग्राहकांच्या पत्त्यातले ‘औरंगाबाद’ बदलून ‘छत्रपती संभाजीनगर’ करायचे आहे. अपडेट क्वेरी चालवली की ‘डेटा टू लाँग’ अशी एरर येते. शहराच्या रकान्याची मर्यादा १५ अक्षरांची आहे. मायएसक्यूएलला मराठी झेपत नाही का?
– एक वाचक, सिडको, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : काळजी नको, मराठीचा यात दोष नाही. ‘औरंगाबाद’ त्याच रकान्यात नीट बसले होतेच.

अडचण लांबीची आहे. डोळ्यांना नव्या नावात १० अक्षरे दिसतात. पण संगणक काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त आणि मधली मोकळी जागाही मोजतो. ती होतात १७. ‘औरंगाबाद’ मात्र ८ मध्येच मावते.

आधी बॅकअप घ्या. मग ‘ऑल्टर टेबल’ने मर्यादा ६० करा, रकान्याचे ‘नॉट नल’, ‘डीफॉल्ट’ हे गुणधर्म पुन्हा लिहायला विसरू नका. स्ट्रिक्ट मोड बंद करण्याचा सोपा मार्ग टाळा. त्याने एरर जाईल, पण नाव अर्धवट कापून साठवले जाईल.

आणखी एक खबरदारी : बिहारमध्येही औरंगाबाद आहे! म्हणून ‘व्हेअर’मध्ये राज्याची अट घाला, त्याच अटीने आधी ‘सिलेक्ट’ चालवून नोंदी तपासा आणि मगच अपडेट करा.