इटालियन भाषेत रस्ता विचारताना

परभाषेचे पहिले धडे बहुधा 'माझे नाव अमुक' एवढ्यावरच संपतात. परंतु परक्या शहरात उतरल्यावर नावापेक्षा रस्त्याची गरज आधी पडते. मोबाईलमध्ये नकाशा असतो हे खरे. पण बॅटरी संपली की माणसालाच विचारावे लागते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इटलीस जाऊ इच्छिणाऱ्यांकरिता हा छोटासा पाठ आम्ही देत आहोत. त्याचे सूत्र एकच : प्रश्न पाठ करणे सोपे, खरा अभ्यास उत्तर ऐकण्याचा.

उच्चार : मराठी माणसाला येथे मोठी सोय आहे. इटालियन 'त' व 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचे 'ट', 'ड' करू नयेत. 'पियात्सा' म्हणजे चौक. त्यातील 'त्स' आपल्या 'चमचा'मधील 'च'सारखा. जोडाक्षर मात्र 'पत्ता'मधील 'त्त'प्रमाणे दाबून म्हणावे.

प्रश्न : अनोळखी माणसाला थांबविताना प्रथम 'स्कूझी' (माफ करा) म्हणावे. मग पुढीलपैकी एक वाक्य :
१) दोव्हे ला स्तात्सिओने? – स्टेशन कुठे आहे?
२) कोमे सी आर्रीवा आल कोलोस्सेओ? – कोलोसियमला कसे जायचे?
३) ए लोन्तानो? – लांब आहे का?

आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे, तसाच तिकडेही आहे. अनोळखी व्यक्ती आपल्याला 'वादा' (जा), 'जीरी' (वळा), 'प्रेन्दा' (हा रस्ता धरा) असे आदराने सांगते. मित्र हेच 'वाई', 'जीरा', 'प्रेन्दी' असे सांगेल. दोन्ही रूपे कानाला ओळखीची हवीत.

उत्तर : सगळे वाक्य समजलेच पाहिजे असे नाही. दिशेचे शब्द पकडावेत : 'आ देस्त्रा' – उजवीकडे, 'आ सिनिस्त्रा' – डावीकडे, 'सेम्प्रे द्रित्तो' – सरळ, 'इन फोन्दो' – रस्त्याच्या शेवटी, 'सेमाफोरो' – सिग्नल, 'पोई' – नंतर. घाईत 'देस्त्रा' आणि 'द्रित्तो' यांची गल्लत होते आणि माणूस सरळ जाण्याऐवजी उजवीकडे वळतो. लक्षात ठेवण्यास एक खूण सांगतो. 'देस्त्रा' हा शब्द ज्या जुन्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृत 'दक्षिण' व पाली 'दक्खिण' आले असून त्यांचाही एक अर्थ 'उजवा' असाच आहे. प्रदक्षिणेत उजवा हात आत असतो, हे आठवले की 'देस्त्रा' विसरणार नाही.

नमुना : रोमच्या तेर्मिनी स्टेशनबाहेर आपण दुसरा प्रश्न विचारला. उत्तर आले : 'वादा सेम्प्रे द्रित्तो पेर विया कावूर, पोई इन फोन्दो जीरी आ सिनिस्त्रा.' म्हणजे, कावूर रस्त्याने सरळ जा, मग शेवटी डावीकडे वळा. तेथे डावीकडे वळताच समोर कोलोसियम दिसते.

उत्तर कळले नाही तर नुसती मान डोलावून निघू नये. 'प्वो रिपेतेरे, पेर फावोरे?' (कृपया पुन्हा सांगाल का?) किंवा 'पिऊ पियानो' (जरा सावकाश) म्हणावे. यात कमीपणा काहीच नाही. कळले असे वाटले तरी मुख्य शब्द आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावेत : 'द्रित्तो, पोई आ सिनिस्त्रा?' चूक असेल तर समोरचा तेथेच सुधारतो आणि पायपीट वाचते. शेवटी 'ग्रात्सिए' (आभारी आहे) म्हणण्यास विसरू नये.

सराव : दोघांनी बसावे. एकाने आपल्याच वस्तीचा नकाशा कागदावर काढून इटालियनमध्ये रस्ता सांगावा, दुसऱ्याने नकाशावर बोट फिरवीत जावे. बोट भलत्याच घराशी थांबले, तर कोणता शब्द निसटला ते दोघांनी शोधावे व पुन्हा आरंभ करावा. रोज दहा मिनिटे असा अभ्यास केला तर महिन्याभरात कान तयार होऊ लागतो. मग परक्या गावात कोणाच्या सोबतीवाचून, आपल्या जिभेवर आणि कानावर भरवसा ठेवून आपण मुक्कामी पोहोचू शकतो.