महागड्या कपड्यांचं दुकान आपल्याशी काय बोलतं?



जयगडची मुलं मुंबईला गेली, की फोर्टात एखाद्या झगमगीत फॅशन दुकानापुढे थांबतात, काचेतून आत डोकावतात आणि लगेच पुढे सरकतात. "हे आपल्यासाठी नाही" असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ते दुकानाच्या सजावटीने सांगितलेलं असतं. म्हणून अंतर्गत सजावट हा फक्त श्रीमंतांचा विषय नाही. पुस्तकासारखी जागाही मुलांना वाचता आली पाहिजे.

१. मोकळी जागा
सब्यसाची मुखर्जी यांनी २०२३ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागात, पूर्वी बँक असलेल्या जुन्या इमारतीत मोठं दुकान उघडलं. क्षेत्रफळ २५,००० चौरस फुटांहून जास्त. आत झुंबरं, गालिचे, चित्रं, शिवाय हजारो पुस्तकं! मुलांना विचारा, आपला वर्ग २५ फूट लांब आणि २० फूट रुंद असेल, तर असे किती वर्ग त्यात मावतील? किमान पन्नास. मग विचारा, कपड्यांच्या दुकानात पुस्तकं कशाला? गिऱ्हाईक रेंगाळावं, कुणाच्या तरी वाड्यात पाहुणे म्हणून आल्यासारखं वाटावं, म्हणून. बाजारातल्या दुकानात कपडे ठासून भरलेले असतात. महागड्या दुकानात एकेका पोशाखाभोवती मोकळी जागा सोडतात. मुंबईत जागा किती महाग! ती रिकामी ठेवणं म्हणजे चिठ्ठी न लावता किंमत सांगणं.

२. उजेड
आपली आजी साडी घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघायची. तिचं बरोबरच होतं. दिव्याच्या उजेडात कापडाचा रंग वेगळा दिसू शकतो. चांगला सजावटकार म्हणूनच रंग खरे दाखवणारे दिवे निवडतो. आरशापाशी उजेड फक्त डोक्यावरून आला, तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. समोरून आला की चेहरा खुलतो. वर्गात एकच रंगीत कापड आधी बल्बखाली आणि मग अंगणात दाखवा. मुलं स्वतःच फरक सांगतील.

३. पडवी ते माजघर
कोकणातल्या जुन्या घरात पडवीत कुणीही टेकतं, ओटीवर पाहुणे बसतात, माजघरात घरची माणसं. महागड्या दुकानांतही बऱ्याचदा असंच असतं: पुढे सगळ्यांसाठी दालन, आत खास गिऱ्हाइकांसाठी निवांत खोली. याउलट साड्यांच्या जुन्या दुकानातली गादी आठवा. पांढऱ्या चादरीवर साडीचा रंग उठून दिसतो आणि गिऱ्हाईक नि दुकानदार एकाच पातळीवर बसतात. ही पण सजावटच, पण ती "या, बसा" म्हणते.

कृती
मुलांना गावातल्या कोणत्याही एका दुकानाचा नकाशा काढायला सांगा. दार कुठे, उजेड कुठून येतो, बसायला जागा आहे का, कुठली वस्तू आधी दिसते? शेवटी एकच प्रश्न: हे दुकान कुणाला "या" म्हणतं आणि कुणाला नाही?

पालकहो, हा प्रश्न विचारायला शिकलेलं मूल झगमगाटाला भुलणार नाही आणि बुजणारही नाही. मोठेपणी असं दुकान सजवायला ते गेलं, तर दार कुणासाठी उघडं ठेवायचं याचा विचारही करेल.

मग आपला स्वतःचा वर्गही याच नजरेने एकदा बघूया. शेवटच्या बाकावरच्या मुलाला तो "ये" म्हणतो का?