एचआयव्ही आणि मेंदूचे संसर्ग



एचआयव्हीच्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी २००च्या खाली उतरल्या, की एरवी निरुपद्रवी राहणारे जंतूही मेंदूवर हल्ला करतात. क्षयाचा जंतू तर पेशी बऱ्या असतानाही मेंदूचे आवरण गाठतो. भारतात त्याचा संशय कायम धरावा. टॉक्सोप्लाझ्मा मेंदूत गाठी करतो. हातपाय लुळे पडतात, झटके येतात. पण को-ट्रायमॉक्साझोलसारख्या स्वस्त औषधाने बहुतेक रुग्ण दोन आठवड्यांत सुधारू लागतात. मेंदूवरच हल्ला करणाऱ्या जेसी विषाणूवर थेट औषध नाही, तिथे एचआयव्हीवरील औषधांचाच (एआरटी) आधार.

सर्वांत फसवा क्रिप्टोकोकस. पारव्यांच्या विष्ठेत आणि मातीत वाढणारी ही बुरशी श्वासावाटे शरीरात शिरते आणि पेशी १००च्या खाली गेल्या की बहुधा मेंदूच्या आवरणात पसरते. डोके आठवडेच्या आठवडे दुखते, ताप बारीक असतो, मान अनेकदा ताठरतच नाही. रुग्ण दुकानातून गोळ्या आणून दिवस काढतो. अशा रुग्णाची डोकेदुखी साधी समजणे हा जीवघेणा निष्काळजीपणा होय. या बुरशीच्या अँटिजेनची पट्टी दहा मिनिटांत उत्तर देते.

पाठीतून पाणी काढताना दाब मोजलाच पाहिजे. पाणी प्रयोगशाळेत जाते आणि दाबाची नोंद राहून जाते, असे फार वेळा घडते. वास्तविक दृष्टी जाण्यामागे आणि मृत्यूमागेही बहुतेकदा हा दाबच असतो. तो पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून उतरवावा, लागल्यास रोज. त्यासाठी स्टिरॉइड देऊ नये. या आजारात ते अपाय करते.

आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या चाचणीनंतर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी पद्धत सुचवली : लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, जोडीला १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल. फ्लुकोनॅझोल त्यानंतरही कित्येक महिने चालू ठेवावे लागते. एआरटीची मात्र घाई नको. ती लगेच सुरू केल्यास मृत्यू वाढतात, म्हणून चार ते सहा आठवडे थांबावे. नातेवाइकांना या थांबण्याचे कारण नीट समजावून सांगावे, नाहीतर उपचार टाळले जात आहेत असे त्यांना वाटते.

डोके दुखू लागण्याच्या कित्येक आठवडे आधी अँटिजेन रक्तात सापडतो आणि तेव्हा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांनी आजार बहुधा टळतो. म्हणून पेशी १००च्या खाली असलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी एआरटीपूर्वी करावी, तक्रार नसली तरीही.