वायफायची किल्ली किती लांब असावी?

तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड कोणता? पुष्कळ घरी तो मोबाईल नंबरच असतो. लक्षात ठेवायला सोपा खरा. पण तो सुरक्षित आहे काय? गणितानेच पाहू.

फोन राउटरला जोडला जाताना त्या दोघांत काही संदेश जातात. जवळपासच्या कोणालाही ते टिपता येतात. ‘डब्ल्यूपीए2’ या प्रचलित पद्धतीत घुसखोर हे संदेश घेऊन घरी जातो आणि संगणकाकडून एकेक पासवर्ड त्यांच्याशी ताडून पाहतो. समजा, तो संगणक सेकंदाला 10 लाख पासवर्ड तपासतो.

भारतातील मोबाईल नंबर 10 अंकी असून पहिला अंक 6, 7, 8 किंवा 9 असतो. म्हणून एकूण शक्यता 4 × 10⁹. त्या सर्व तपासण्यास लागणारा वेळ 4,000 सेकंद, म्हणजे सुमारे 67 मिनिटे!

आता इंग्रजीतील 26 लहान अक्षरे घ्या. 8 अक्षरांच्या पासवर्डला 26⁸ शक्यता. वेळ सुमारे 58 तास. 12 अक्षरे घेतली, तर सुमारे 3,000 वर्षे! चारच अक्षरे वाढली, पण वेळ 26⁴, म्हणजे 4,56,976 पट झाला.

मात्र अक्षरे कोणत्याही क्रमाविना निवडलेली हवीत. नाव, गाव, जन्मतारीख घुसखोर आधीच तपासतो.

करून पाहा : 26 अक्षरांच्या चिठ्ठ्या करा. एक काढा, अक्षर लिहा, चिठ्ठी परत टाका. असे 12 वेळा करा. हा झाला तुमचा नवा पासवर्ड. 16 अक्षरांना किती वर्षे लागतील, ते तुम्हीच काढा.