बाळाचे उष्टावण केव्हा?

“डॉक्टर, मुहूर्त आठव्या महिन्यात आहे. तोवर दूधच पाजू ना?” असे माता विचारतात. तसे करू नये. सहा महिने (180 दिवस) फक्त आईचे दूध द्यावे, पाणीही नको. त्यानंतर नुसत्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही. रक्त कमी होते, वाढ खुंटते. या वयात बाळ मान सावरते, आधाराने बसते.

वरणाच्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. तुरीच्या वा मुगाच्या घट्ट वरणात मऊ भात कुस्करून, थोडे तूप घालून, दोन-तीन चमचे दिवसातून दोन-तीनदा भरवावे. हात व वाटी-चमचा स्वच्छ धुवावेत. वर्षापर्यंत मध देऊ नये. अंगावरचे दूध दोन वर्षे चालू ठेवावे. अंगणवाडीत दरमहा वजन करावे.

सोहळा मुहूर्तावर खुशाल करावा. घास मात्र वेळेवर सुरू करावा.