दिवसाचे गाव आणि रात्रीचे गाव

'उपनगर' हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याची फोड करून पाहण्याची तसदी क्वचितच घेतो. 'उप' ह्या उपसर्गाचा एक अर्थ 'जवळ' असा आहे. उपनयन म्हणजे गुरूजवळ नेणे, उपासना म्हणजे जवळ बसणे. तद्वतच उपनगर म्हणजे नगराजवळचे स्थान. आता आम्ही जेथे राहतो ते बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसापासून लोहमार्गाने ६८ किलोमीटर दूर आहे. पायी जाणारास ही चांगली दोन दिवसांची वाट. शासनाच्या दप्तरी तर 'मुंबई उपनगर' हा जिल्हा मुलुंड आणि दहिसर येथेच संपतो, व आमचे गाव ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यात मोडते. तरीही लोक त्यास उपनगर म्हणतात, आणि आमच्या मते योग्यच म्हणतात; कारण येथील जवळीक कोसांनी मोजावयाची नसून गाडीच्या वेळापत्रकाने मोजावयाची असते.

ही जवळीक कशी उत्पन्न झाली हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली, हे प्रत्येक विद्यार्थी घोकून ठेवतो. पुढील वर्षी, १८५४ साली, ती कल्याणास पोहोचली. आणि १८५६ साली उल्हास नदीच्या खोऱ्यातून घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीपर्यंत, मार्ग खुला झाला. म्हणजे बदलापुराच्या शिवारातून आगगाडी जाऊ लागली त्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु रूळ आले म्हणून गावाचे लगेच नगर झाले असे नव्हे. पुढे कित्येक दशके येथे भातशेती, जांभळीची व फणसाची झाडे आणि नदीकाठची लहान खेडी एवढाच संसार होता. मुंबईतील चाळींच्या खोल्या कुटुंबांस अपुऱ्या पडू लागल्या, तेथील जागांचे मोल सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले, १९८२ च्या संपानंतर गिरणगावाची घडी विसकटली. तेव्हा गिरगाव-परळची मराठी कुटुंबे प्रथम डोंबिवलीस, मग अंबरनाथ-बदलापुरास येऊ लागली. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या सुमारे १ लक्ष ७४ हजार भरली. कात्रप, बेलवली, मांजर्ली ही एके काळची खेडी. आज ती रिक्षांच्या थांब्यांवरील नावे झाली आहेत. बदलापूरच्या जांभळास अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची वार्ता होय. मात्र ते जांभूळ ज्या झाडांस लागते ती झाडे इमारतींच्या मधून शोधावी लागतात.

गावाच्या नावाविषयी एक आख्यायिका सांगतात, की पूर्वी प्रवासात येथे घोडे बदलीत असत, म्हणून हे बदलापूर. भाषाशास्त्रज्ञांस ही व्युत्पत्ती मान्य होवो वा न होवो, आम्हांस ती आवडते. मुक्कामाचे गाव, वाटेवरचे गाव, हा त्यातील भाव आजही पुष्कळांशी खरा आहे.

येथे थोडे गणित करू. शिक्षकाची ही खोड वाचकांनी क्षमा करावी. घर ते स्थानक, गाडीतील सुमारे दीड तास, आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतचा मार्ग, असे एका दिशेस दोन तास धरू. जाऊन येऊन चार. वर्षातील कामाचे दिवस २७५ धरिले तर ११०० तास झाले. म्हणजे अखंड अहोरात्रीचे जवळजवळ ४६ दिवस. नोकरी तीस वर्षांची असेल तर आयुष्याची पावणेचार वर्षे लोहमार्गाच्या स्वाधीन झाली. आम्ही स्वतः मुंबईतील शाळेत शिकवितो, तेव्हा हा हिशेब आमच्याच वहीतला आहे.

ही वर्षे सर्वस्वी वाया जातात असे मात्र आम्ही म्हणणार नाही. लोकलच्या डब्यात एक निराळीच वस्ती वसलेली असते. तिची नियमावली कोठे लिहिलेली नाही. पण ती मोडणारास तत्काळ समज मिळते. गाडीचे नाव तिच्या मिनिटांवरून पडते. 'बावीसची' म्हटले की बारा जणांस कळते. तिघांच्या बाकावर चौथा कडेला टेकतो, त्याची ती 'चौथी सीट' हा हक्कच मानला जातो. अंबरनाथची माणसे जागा मिळावी म्हणून आधी उलट बदलापुरास येतात आणि मग तीच गाडी धरून मुंबईस जातात. मग बदलापूरकर फलाटावर उभे राहून, भरून आलेल्या गाडीकडे पाहत, जे बोलतात ते येथे छापण्याजोगे नसते. एका डब्यात टाळांच्या साथीने भजन चाललेले असते, स्त्रियांच्या डब्यात रात्रीची भाजी निवडली जाते, दसऱ्यास गाडीस झेंडूच्या माळा चढतात. आमच्या डब्यातील एका गृहस्थाच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा देण्याघेण्याची सारी चर्चा डोंबिवली ते दादर ह्या टापूत पार पडली. सहप्रवाशांच्या घरची दुखणी, बढत्या, कर्जे आम्हांस तपशिलाने ठाऊक होती. त्यांचे घर मात्र कोणत्या आळीत आहे हे ठाऊक नव्हते.

आणि नेमके येथेच उपनगरातील राहणीचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. अशा नगरात दोन गावे एकाच जागी नांदतात. एक रात्रीचे गाव, ते आमच्यासारख्यांचे. ते अंधार पडल्यावर स्थानकातून ओसंडते आणि उजाडण्यापूर्वी परत ओसरते. दुसरे दिवसाचे गाव. त्यात वृद्ध माणसे, गृहिणी, दुकानदार, रिक्षावाले, मुले, टोपलीत रानभाजी घेऊन बसणाऱ्या ठाकूर व कातकरी समाजाच्या बाया. घरे दोन्ही गावांची तीच. परंतु ओळख फारच थोडी. आमच्या धाकट्या मुलीने 'माझे कुटुंब' ह्या विषयावर निबंध लिहिला. त्यात, 'आई व आजी बदलापुरात राहतात, बाबा रविवारी बदलापुरात राहतात' असे वाक्य होते. व्याकरणाची चूक त्यात नव्हती, म्हणून लाल शाई लावता आली नाही.

दिवसाच्या गावाची आमची पहिली भेट एका पावसाळ्यातील मंगळवारी झाली. पत्नी कामानिमित्त परगावी होती. दुपारी एकच्या सुमारास आमच्या मातुःश्री ओल्या जिन्यावर घसरून पडल्या. आम्हांस वर्गात निरोप मिळाला. आम्ही तडक निघालो. पण पावसाने गाड्या मंद झाल्या होत्या, आणि घर गाठण्यास तीन तास लागले. त्या तीन तासांत आम्ही मनाने जे सोसले ते सांगत बसत नाही. पोहोचून पाहतो तो आईच्या मनगटास पट्टा बांधलेला, समोर चहाचा पेला, आणि उशाशी एक बाई बसलेल्या. तळमजल्यावरील सेवानिवृत्त गृहस्थांनी तिला उचलून रिक्षात बसविले होते, कोपऱ्यावरील दूधवाल्याच्या मुलाने दुकान बंद करून सोबत केली होती, रिक्षावाल्याने भाडे घेतले नव्हते. उशाशी बसलेल्या बाई आमच्याच मजल्यावर सहा वर्षे राहत होत्या, आणि आम्हांस त्यांचे नाव सांगता येईना. आईला त्या सर्वांची नावेच काय, त्यांची मूळ गावे आणि नातवंडांच्या इयत्तासुद्धा पाठ होत्या. ज्या नगरात आम्ही घर विकत घेतले होते, त्यात खऱ्या अर्थाने ती राहत होती.

त्यानंतरची एक सार्वजनिक घटना पुष्कळांस स्मरत असेल. २७ जुलै २०१९ रोजी, शनिवारी, उल्हास नदीस महापूर आला आणि मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत सुमारे १०५० प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल ह्यांनी नावांतून सर्वांस सुखरूप बाहेर काढिले. हे वृत्तपत्रांत सविस्तर आले. त्याबरोबर जवळच्या चामटोली गावचे लोक मदतीस धावले, हेही आले, पण थोडक्यात आले. नदी कोठून कशी फुगते, कोणता बांध पायाखाली टिकेल, हे त्यांस पुस्तकावाचून ठाऊक होते. कारण ते तेथे असतात. २६ जुलै २००५ चा पूरही ह्याच खोऱ्याने पाहिला होता.

नगराच्या कारभारातही हीच अडचण आढळते. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा बदलापूर तीत समाविष्ट होते. १९९२ साली ते वेगळे निघाले. म्हणजे गावास स्वतःचा कारभार मिळाला. परंतु कारभारावर डोळा ठेवणारे सुशिक्षित नागरिक कचेरीच्या वेळेत मुंबईत असतात. मुंबईतील कोणता पूल दुरुस्तीस बंद आहे हे आम्ही क्षणात सांगू. आमच्या नळाचे पाणी उल्हास नदीवरील बंधाऱ्यातून येते, हे आम्हांस बदलापुरात आल्यावर चौथ्या वर्षी कळले, तेही नळ दोन दिवस कोरडा राहिला म्हणून. ह्यात दोष नागरिकांचाच आहे असे आम्ही म्हणत नाही. दहा तास काम व चार तास प्रवास करून आलेल्या मनुष्यास सभेस बोलाविणे हे थोडे निर्दयपणाचेच आहे. तथापि रस्ता, गटार आणि पाणी ही त्याची वाट पाहत थांबत नाहीत.

तरीही येथून परत मुंबईस जावे असे आम्हांस वाटत नाही. पावसाळ्यात गच्चीवरून चंदेरीचा सुळका ढगांतून वर आलेला दिसतो. मुलांस खेळावयास अंगण आहे. आणि मुंबईत ज्या रकमेत एक खोली मिळती ना, तेवढ्यात येथे पुस्तकांचे कपाट ठेवण्यापुरती भिंत मिळाली. आई आता नाही. आमच्या घराची दुसरी किल्ली तळमजल्यावरील त्या गृहस्थांच्या दाराआड खिळ्यास टांगलेली असते, आणि रविवारी उपासनेहून परतताना आम्ही त्यांच्याकडे चहास थांबतो. मागील रविवारी त्यांनी आमच्या मुलीस नदीवरचा बंधारा दाखविण्यास नेले. आम्हीही बरोबर गेलो, कारण आम्हीदेखील तो जवळून पाहिला नव्हता.