पदव्युत्तर संगणक शिक्षण आणि सल्ल्याची वेळ

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत ‘सर, मी एम.सी.ए. करू का?’ असे विचारणारे विद्यार्थी आमच्या प्राध्यापक-कक्षात येऊ लागले आहेत. कोणी पवनीचा, कोणी लाखांदूरचा, कोणी तुमसरकडचा. बहुतेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. त्यांना उत्तर देण्यासाठी मला जे वाचावे व विचारावे लागले, त्याचे सार विद्यार्थी मित्रांपुढे आणि सहकारी प्राध्यापकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निवड आली, म्हणून सल्ला आला

‘सल्ला’ ही आपल्याकडे न मागता मिळणारी वस्तू आहे. धानाच्या वाणापासून मुलीच्या स्थळापर्यंत तो कोणीही देतो. शैक्षणिक सल्ला मात्र वेगळा. तो निवडीच्या स्वातंत्र्याबरोबर जन्माला आला. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ या काळात अध्यक्ष होते. त्यांनी ठरावीक विषयांची सक्ती सैल करून विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक दिली. मोकळीक मिळताच प्रश्न उभा राहिला, की निवडायचे कसे? तेथे नवागत विद्यार्थ्यांसाठी सल्लागार प्राध्यापक नेमण्याची प्रथा याच काळात रुजली.

आपल्याकडे नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. पुढे अनेक दशके अभ्यासक्रम छापील पुस्तिकेत ठरलेला असे. विद्यार्थ्याने तो वाचायचा व परीक्षा द्यायची. निवडच नव्हती, तेथे सल्लागाराचे काय काम? आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चित्र पालटले आहे. ऐच्छिक विषय, श्रेयांक, कार्यप्रशिक्षण, संशोधन प्रकल्प, एका वर्षानंतर बाहेर पडण्याची मुभा, अशी अनेक दारे एकाच वेळी उघडली. दारे वाढली, परंतु कोणते दार कोठे नेते हे सांगणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत.

तीन वर्षांची दोन वर्षे झाली

एम.सी.ए. या पदवीचा इतिहास येथे उद्‌बोधक आहे. १९७८ मध्ये आय.बी.एम. कंपनी भारतातून बाहेर पडली. देशात संगणक वाढत होते आणि ते चालविणारी शिकलेली माणसे कमी होती. अशा वेळी आयआयटी कानपूरचे प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मनुष्यबळाचा विचार केला आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी एम.सी.ए. सुरू झाली. अभियांत्रिकी न शिकलेल्या, परंतु गणिताची बैठक असलेल्या पदवीधराला तीन वर्षांत संगणकाचा जाणकार करावे, अशी त्यामागील कल्पना होती. राजारामन यांना १९९८ साली पद्मभूषण मिळाले.

त्या तीन वर्षांतील पहिले वर्ष फार मोलाचे होते. प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, माहितीची रचना कशी करतात, यंत्राच्या आत काय घडते, हे शून्यापासून शिकायला तेथे अवधी मिळे. बी.सी.ए. झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शके. इतरांसाठी पहिले वर्ष होते. पुढे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२०–२१ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. एक वर्षाचा खर्च वाचला, ही गोष्ट सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने चांगलीच झाली. परंतु न कळताही चाचपडत उभे राहण्याचे जे वर्ष होते, तेही त्याबरोबर गेले. आता बिगर-संगणक पदवीधराला त्याऐवजी सेतू अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, तोही मुख्य विषयांच्या जोडीने.

माझे म्हणणे एवढेच आहे, की अभ्यासक्रम जितका आखूड, तितका सल्ला आधी मिळाला पाहिजे. विद्यापीठात गेल्यावर मार्गदर्शक भेटेल, ही आशा आता पुरेशी नाही. तो भेटेपर्यंत चारपैकी एक सत्र संपलेले असते.

अकरावीतच मिटणारे दार

एम.सी.ए.च्या प्रवेशासाठी बी.सी.ए. किंवा संगणकशास्त्राची पदवीच लागते, असा समज आपल्या भागात सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. बी.ए., बी.कॉम. वा बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळू शकतो. अट अशी, की बारावीला किंवा पदवीला गणित हा विषय घेतलेला असावा आणि पदवीला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण असावेत. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत गणित व संख्याशास्त्र, तर्कशक्ती, इंग्रजी आकलन आणि संगणकाची मूलतत्त्वे यांवर प्रश्न असतात.

आता आपल्या कला शाखेकडे पाहा. अकरावीला गणित घेण्याची सोय कला शाखेतही आहे. तरी दहावीनंतर ‘सुटलो एकदाचे’ म्हणून गणित सोडणारे किती तरी. सोळाव्या वर्षी सोडलेला विषय एकविसाव्या वर्षी दार अडवतो, आणि त्या वेळी कोणताही सल्लागार काही करू शकत नाही. म्हणून पदव्युत्तर संगणक शिक्षणाचा पहिला सल्ला नागपूरच्या विभागात नव्हे, तर अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलावर द्यायचा असतो.

सल्लागाराने काय विचारावे

चांगला सल्लागार उत्तरे कमी देतो व प्रश्न अधिक विचारतो. माझ्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न, पाया किती आहे? कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव आज सर्वांच्या तोंडी असल्याने जो तो तोच ऐच्छिक विषय मागतो. लाखांदूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी अशीच माझ्याकडे आली होती. ‘आर्ट्सवाल्यांना ते जमेल का, सर?’ हा तिचा प्रश्न. बी.ए.ला तिचा एक विषय गणित होता. मी तिला विचारले, मॅट्रिक्स व रेषीय बीजगणित झाले आहे ना? संभाव्यता? दोन्ही झाली होती. मग मी तिला एवढेच सांगितले, की यंत्राला शिकविण्याच्या शास्त्राचा पाया हाच आहे. उणीव आहे ती प्रोग्रॅमिंगच्या सवयीची, आणि ती सवय प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांत लावता येते. निवड तिची तिनेच केली.

दुसरा प्रश्न, घर किती तग धरेल? हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो, पण तो टाळू नये. भंडारा ते नागपूर अंतर सुमारे साठ किलोमीटर. पुष्कळ विद्यार्थी खोलीचे भाडे वाचविण्यासाठी अप-डाऊन करतात. वर्गातील तास त्यातून सांभाळता येतात. प्रयोगशाळेत संध्याकाळी बसून करावयाचे काम मात्र शेवटच्या गाडीच्या वेळेवर तुटते. धानाचे पैसे केव्हा येतात, शुल्काची तारीख कोणती, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का, हे सारे शैक्षणिक प्रश्नच आहेत.

येथे मुलींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. परंतु प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. घाईने व्यवस्थापन कोट्याची जागा घेतली, तर सवलत जाते. एका वाक्याचा हा सल्ला. तो वेळेवर मिळाला नाही, तर बापाचे एकरभर शेत गहाण पडू शकते.

तिसरा प्रश्न, आवड कशात आहे? याचे उत्तर पदवीच्या नावात शोधू नये. परम महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. १९६५ साली त्यांनी नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे बडोदा व दिल्ली येथे शिक्षण झाले. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. विदर्भातील खेड्यातून निघालेल्या माणसाची वाट सरळ नव्हती. पाया पक्का होता.

दोन वर्षांतील वळणे

प्रवेशानंतरही सल्ल्याची गरज संपत नाही. राज्यातील नव्या रचनेत एम.एस्सी.सारखी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची आहे. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक, दुसऱ्यात विद्यार्थी ज्याला ‘ओजेटी’ म्हणतात त्या कार्यप्रशिक्षणाचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात ६. कार्यप्रशिक्षणाची जागा विद्यार्थी ओळखीपाळखीने शोधतो व प्रमाणपत्र आणून देतो, असे होऊ नये. तेथे काय शिकायचे, हे आधी मार्गदर्शकाशी बोलून ठरले, तर त्यातूनच पुढचा प्रकल्प निघतो.

पहिल्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. ही सोय अडचणीत सापडलेल्यासाठी आहे. एखाद्या विषयात नापास झाल्याच्या निराशेत ती वापरणाऱ्या विद्यार्थ्याला कोणीतरी थांबवून दोन तास त्याच्याशी बोलले पाहिजे.

आणि ज्यांना प्राध्यापक वा संशोधक व्हायचे आहे, त्यांनी हेही जाणून असावे, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थीच घेता येतात. मार्गदर्शकाकडे जागा मोजक्या असतात. म्हणून ओळख प्रकल्पाच्या वेळीच व कामातून व्हावी.

आपले काम

आपल्या महाविद्यालयात पालक-शिक्षकाची योजना आहे, वह्याही आहेत. त्या वह्या मूल्यांकन समितीला दाखविण्यापुरत्या न राहता खऱ्या व्हाव्यात. त्यासाठी मोठा खर्च नको. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी गणिताविषयी दोन शब्द, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रवेश परीक्षेची माहिती. तिसऱ्या वर्षी, ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन तास प्रोग्रॅमिंग. आयआयटींनी चालविलेल्या एन.पी.टी.ई.एल.चे व केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’चे पाठ विनामूल्य ऐकता येतात. ते इंग्रजीत जड गेले, तर चारजणांनी एकत्र बसून मराठीत चर्चा करावी.

विद्यार्थी मित्रांनो, विचारण्यात कमीपणा नाही. आणि सहकारी प्राध्यापकांना विनंती अशी, की ‘हा आमचा विषय नव्हे’ असे म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवू नये. विषय ठाऊक नसला, तरी तो कोणाला ठाऊक आहे हे आपण शोधू शकतो, आणि विद्यार्थ्याला त्याच्यापर्यंत पोहोचवू शकतो. पुष्कळदा त्याला तेवढेच हवे असते.